एकच वाट

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. कोणतीही वस्तू पुढे आली की तो आधी तिचे नाव उलटसुलट करून पाहतो. वस्तूकडे त्याचे लक्ष मागाहून जाते. आता प्राणवायूचेच पाहा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ होतो ‘आम्ल उत्पन्न करणारा’. जगातल्या प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे अशी त्याची खात्री होती. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने ती खात्री मोडीत काढली. हायड्रोक्लोरिक आम्लात या वायूचा अंशही नसतो. पण नाव एकदा चिकटले ते चिकटलेच. आपल्याकडे ज्या कोणी ‘प्राणवायू’ हा शब्द योजला त्याने मात्र रसायनशाळेत डोकावण्याची तसदी न घेता सरळ माणसाच्या छातीवर हात ठेवला. एवढा नेमका शब्द हाताशी असून आमच्या विद्यार्थ्यांना तो जड वाटतो. ते ऑक्सिजनच म्हणतात, आणि इस्पितळात तर ‘ओ-टू लाव’ एवढ्यावरच भागते.

या शब्दावर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. तो वायू प्रत्यक्ष कसा दिला जातो, किती दिला जातो, आणि तो देताना कोणाला कशावर लक्ष ठेवावे लागते, हे मात्र यंदाच्या जून महिन्यात कळले. निमित्त झाले आमच्या आबांचे.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे कोरेगाव तालुक्यातले. १९६६ साली मुंबईला आले आणि गिरणीत लागले. पहिली चार वर्षे कार्डिंग खात्यात बदली म्हणून, आणि नंतर कायम होऊन साच्यावर. साचा म्हणजे कापड विणण्याचा माग; गिरणगावात कोणी माग म्हणत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी जो संप सुरू झाला त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले आमचे आबा एक. ते पुन्हा गिरणीच्या फाटकातून आत गेलेच नाहीत. नंतर त्यांनी पेढीवर राखणदारी केली, भाजी विकली, मला एम. ए. केले, तो इतिहास निराळा. पण त्या सोळा वर्षांनी त्यांच्या शरीरात दोन गोष्टी ठेवून दिल्या. एक छातीत आणि एक कानांत.

छातीतली गोष्ट कार्डिंगची. कापूस पिंजून त्याचे तंतू सरळ करण्याचे ते काम. हवेत सदा पांढरी भुकटी तरंगत असायची. केसांवर, भुवयांवर, डब्यातल्या भाकरीवर बसायची. त्या खात्यातल्या माणसांना एक चमत्कारिक अनुभव येई. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी व्हायची, दम लागायचा. मंगळवार-बुधवारपर्यंत जरा सुटायचे आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. वैद्यकात या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि त्याचे ‘सोमवारचे’ हे लक्षण जगभरच्या सूतगिरण्यांत नोंदलेले आहे. आबांची उपपत्ती वेगळी होती. ते म्हणत, ‘ऐतवारी मटान जास्त हुतंय, त्येचा भार.’ आई बिचारी त्यावर मटण कमी करून पाही. सोमवार काही ऐकत नसे.

कानांतली गोष्ट साच्यांची. एका छपराखाली शेकडो साचे धडधडत असले की शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडूनही ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसे ओठांवरून बोलणे ओळखायची आणि हातांनी बोलायची. चिमूट धरून ती झटकली की धागा तुटला. तळहात आडवा करून पुढे ढकलला की चालू दे. मूठ आवळली की थांबव. चाळीत पहिल्या पाळीचे आणि दुसऱ्या पाळीचे लोक जिन्यात भेटत तेव्हाही सवयीने हातांनीच बोलत, आणि आम्ही पोरे त्यांची नक्कल करीत असू. अभ्यासक्रमात नसलेली ही एक भाषा मला येते. गंमत अशी की, त्या धडधडाटात आबा काम करीत ते कानांनीच. डोळे चार साच्यांवर पुरे पडत नाहीत. धोटा जरा आळसावला, एखादी दोरी सैल झाली, की त्या प्रचंड आवाजात एक बारीकसा फरक पडतो. तो ऐकून ते पाठमोरे असले तरी वळत. असे बारा वर्षे ऐकत राहिल्यामुळेच पुढे ऐकू येईनासे झाले. आज श्रवणयंत्र लावूनही त्यांना फार तर आपण काही बोलतो आहोत एवढे कळते.

मार्च महिन्यात त्यांना खोकला लागला. औषधाने जाईना. मे महिन्यात एके दिवशी थुंकीत रक्ताची रेघ दिसली. क्ष-किरण फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. थुंकी दोनदा तपासली, तीत काही सापडले नाही. अशा वेळी नातेवाइकांच्या मनात जो शब्द येतो आणि जो कोणी उच्चारत नाही, तो आमच्याही घरात आठ दिवस कोणी उच्चारला नाही. मधल्या काळात एका रात्री दम लागला म्हणून त्यांना जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेले होते. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर खाटेच्या उशाशी उभा होता. परंतु तो उघडण्याचा पाना कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. दहा मिनिटांनी तो दुसऱ्या मजल्यावर एका खिडकीची झडप अडकवायला लावलेला सापडला. त्या दहा मिनिटांविषयी मी जास्त लिहीत नाही. नंतर आम्ही एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी सीटी स्कॅन पाहून सांगितले, ‘आत दुर्बीण घालून पाहावं लागेल. त्या जागेवर थोडं पाणी सोडून परत ओढून घेऊ, त्यात काय सापडतं ते तपासू.’ ब्रॉन्कोस्कोपी हा शब्द मी पूर्वी ऐकला होता. पण मला पडलेली शंका अगदी बाळबोध होती. मी विचारले, ‘श्वास ज्या नळीने घ्यायचा तिच्यातच तुम्ही दुर्बीण घालणार. मग माणसाने श्वास कुठून घ्यायचा?’

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘सगळा प्रश्न तोच आहे, सर.’ आणि शिकवण्याचा नाद माझ्याइतकाच त्यांनाही असावा, कारण बाहेर रांग असताना त्यांनी मला पंधरा मिनिटे दिली. त्यांचे सांगणे आणि नंतर मी वाचलेले, असे दोन्ही मिळून इथे लिहितो.

१८९७ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी गुस्टाव्ह किलियान या डॉक्टराने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले डुकराचे हाड नळी घालून बाहेर काढले. ब्रॉन्कोस्कोपीचा आरंभ तिथून मानतात. ती नळी धातूची, सरळ, न वाकणारी. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शेव्हालियर जॅक्सनने अशाच नळ्यांनी लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्या घशा-छातीतून टाचण्या, बटणे, नाणी असा एवढा ऐवज बाहेर काढला की दोन हजारांहून अधिक वस्तूंचा त्याचा संग्रह आजही तिथल्या संग्रहालयात मांडलेला आहे. त्या पोकळ नळीत एक सोय होती आणि तीच अडचणही होती. डॉक्टराची नजर ज्या पोकळीतून आत जाई तिच्यातूनच रोग्याचा श्वास बाहेर येई. पाहायचे तर तोंड उघडे हवे. आणि भूल दिलेल्या माणसाच्या छातीत हवा भरायची तर ते तोंड बंद करायला हवे. एकाने काम करायचे तर दुसऱ्याने थांबायचे. १९६७ मध्ये सँडर्स नावाच्या डॉक्टराने यावर युक्ती काढली. नळीच्या तोंडाशी एक बारीक सुई बसवून तिच्यातून मोठ्या दाबाचा प्राणवायू थांबून थांबून सोडायचा. तो झोत जाताना आजूबाजूची हवाही आत खेचून नेतो. तोंड उघडे राहते आणि छातीही फुलते.

त्याच सुमारास, १९६६ साली, म्हणजे आबा मुंबईला उतरले त्याच वर्षी, तोक्योच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी दुर्बीण जगापुढे ठेवली. काचेच्या तंतूंतून प्रकाश नेणारी, शिसपेन्सिलीहूनही बारीक. रोगी जागा असताना नाकातून घालता येणारी. हिने सारे सोपे केले. फक्त श्वासाचा हिशेब उलटा केला. जुन्या नळीत श्वास नळीच्या आतून चालत असे. ही नवी दुर्बीण जवळजवळ भरीव; तिच्यात एक दोन मिलिमीटरांची फट काय ती असते, आणि तीही पाणी सोडायला नि चिमटा घालायला. आता श्वासाने दुर्बिणीच्या बाजूने, अंग चोरून, उरलेल्या जागेतून जायचे. मुख्य श्वासनळीत तशी जागा बरीच असते. पण पुढे फांद्या अरुंद होत जातात. त्यातून खोकला येतो, आत पाणी सोडावे लागते, आणि ते ओढून घेताना पाण्याबरोबर छातीतली हवाही ओढली जाते. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. म्हणून बाहेरून तो पुरवायचा.

‘मग भरपूर सोडावा,’ मी म्हटले. ‘हात कशाला आखडायचा?’

बाईंनी मान हलवली. आपण नेहमी घेतो त्या हवेत प्राणवायू शंभरात एकवीस भाग असतो. नाकात छोट्या नळ्या लावून मिनिटाला दोन-चार लिटर सोडला तर ते प्रमाण तिशीच्या आसपास जाते, आणि पुष्कळांना तेवढे पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी आता मिनिटाला साठ लिटरपर्यंत ऊन, ओलसर झोत देणारी यंत्रे आहेत. परंतु छातीचे जुने दुखणे असलेल्या काही माणसांना जास्त प्राणवायू दिला तर त्यांच्या रक्तात कर्बवायू साचत जातो, आणि बोटावरचे यंत्र तो दाखवत नाही. आकडा शंभर आणि माणूस गुंगीत, असे होऊ शकते. आणखी एक प्रकार ऐकून तर मी चपापलो. आत एखादी गाठ विजेने किंवा लेसरने जाळायची असेल तर त्याआधी प्राणवायूचे प्रमाण शंभरात चाळीसच्या खाली आणावेच लागते. नाही तर आतल्या आत आग लागण्याचे भय. प्राण राखणारा तोच आणि पेट घ्यायला मदत करणाराही तोच. पाण्याच्या गुणधर्मांवर निबंध लिहून घेणाऱ्या शाळांनी हा विषय कधी का घेतला नाही, कोण जाणे!

बोटावरच्या यंत्राचा उल्लेख वर आला. ते आता कोणाला सांगायला नको. २०२१ च्या एप्रिलात ज्याच्या त्याच्या घरी ते होते. पूर्वी आम्ही एकमेकांना तब्येत विचारीत असू. त्या दिवसांत आकडा विचारू लागलो. त्याच महिन्यात कळंबोलीहून रिकाम्या टँकरांची आगगाडी विशाखापट्टणमला गेली आणि प्राणवायू भरून नागपूर-नाशिकला परत आली; आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीला गळती लागून वीसाहून अधिक रोगी गेले. तोवर प्राणवायू ही टाक्यांतून, टँकरांतून आणावी लागणारी वस्तू आहे, उणे १८३ अंशांवर तिचे पाणी होते आणि तशीच ती साठवतात, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात होते? बोटाच्या चिमट्याची मूळ कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची. तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडायचे, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांतला किती शोषला जातो त्यावरून रक्त किती तांबडे आहे ते ठरवायचे. १९७४ साली त्यांनी ती मांडली. २०२० च्या एप्रिलात ते वारले, नेमके साऱ्या जगाचे बोट त्यांच्या चिमट्यात असताना.

तपासणीच्या दिवशी एक पेच उभा राहिला. दुर्बीण आत असताना रोग्याला बोलता येत नाही, कारण ती स्वरतंतूंच्या मधून जाते. म्हणून हात वर करून खूण करायला सांगतात. आबांना सांगायचे कसे? त्यांना ऐकू येत नाही, आणि ओठ वाचावेत तर त्या खोलीत सगळ्यांच्याच तोंडावर पट्ट्या. झोपेचे औषध वयामुळे अगदी थोडे देणार होते. शेवटी बाई म्हणाल्या, ‘सर, तुम्हीच आत या.’ हिरवा झगा आणि पट्टी चढवून मी आबांच्या डाव्या अंगाला उभा राहिलो. दुभाष्या म्हणून!

खोलीत दोन माणसे कामात होती. डॉक्टरीणबाई आणि एक सिस्टर. खरे म्हणजे आणखी एक मदतनीस होता, पण तो आत-बाहेर करीत होता. आबांच्या घशात कडू फवारा मारून तो बधिर केला. ‘कारल्यावानी हाय,’ ते मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाचे सगळेच बोलणे मोठ्याने असते. एका नाकपुडीतून दुर्बीण जायची होती. म्हणून सिस्टरांनी प्राणवायूची नळी दुसरीत बसवली आणि गालावर चिकटपट्टी लावली. भिंतीवरच्या काचेच्या नळीत एक गोळी असते. चावी फिरवली की ती वर उडते आणि दोन, तीन, चार अशा खुणांपाशी तरंगत राहते. खालच्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे निघतात. गोळी दोनवर होती. चिमट्याचा आकडा त्र्याण्णवावरून सत्त्याण्णवावर गेला.

दुर्बीण आत गेली. समोरच्या पडद्यावर आबांच्या छातीचा आतला भाग दिसू लागला. गुलाबी, ओलसर, कड्याकड्यांचा बोगदा. पुढे त्याला दोन वाटा, त्यांना पुन्हा वाटा. मी त्यात गुंगलोच. ज्याच्या खांद्यावर बसून आपण लालबागचा गणपती पाहिला त्या माणसाला आतून पाहण्याचा प्रसंग किती मुलांवर येतो? बाईंची नजरही अर्थात पडद्यावर. मदतनीस परत आला तोही पडद्याकडेच पाहू लागला. एकट्या सिस्टर पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांचा एक हात चावीवर होता आणि डोळे आबांच्या ओठांवर; पण त्यांचे खरे लक्ष कुठे होते ते मला जरा वेळाने उमगले. आकडे दाखवणारे यंत्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ‘टिक्’ असा स्वर काढते, आणि आकडा उतरला की तो स्वरही उतरतो. सिस्टर ते ऐकत होत्या.

स्वरतंतूंमधून जाताना आबा खोकले. स्वर खाली आला. सिस्टरांनी न बोलता गोळी तीनवर नेली. स्वर पुन्हा चढला. मग दुर्बीण उजवीकडे वर वळली, एका अरुंद फांदीत जाऊन बसली, आणि बाईंनी पाणी सोडायला सुरुवात केली. थोडे सोडायचे, ओढून घ्यायचे, पुन्हा सोडायचे. बाटलीत गढूळ पाणी जमू लागले. स्वर एक पायरी उतरला. आणखी एक. आकडा ब्याण्णव, एक्याण्णव.

मी आबांना खूण केली : कसे काय? त्यांचे डोळे उघडे होते, शांत होते. त्यांनी तळहात आडवा केला आणि पुढे ढकलला. चालू दे.

मी म्हटले, ‘चालू द्या म्हणताहेत.’

‘मॅडम, पडतंय,’ सिस्टर म्हणाल्या. आवाज वर न चढवता. गोळी सहावर गेलेली होती.

‘एक शेवटचं ओढून घेते...’

‘मॅडम, बाहेर.’

आणि बाई बाहेर आल्या. फार नाही, अरुंद फांदीतून दुर्बीण मागे घेऊन मुख्य नळीत आणली आणि तिथे तशीच धरून थांबल्या. पडद्यावर नुसती मोकळी, गोल वाट दिसत होती. आकडा तरीही उतरतच होता. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. दुर्बीण तर मागे आली, गोळी वर आहे, मग हे काय? माझ्या पोटात खड्डा पडला. आबांचा हात पुन्हा पुढे ढकलण्याची खूण करीत होता. चालू दे, चालू दे. कोणी काही बोलेना. वीस सेकंद गेले असतील. मला ती घड्याळावर मोजायला सांगितली असती तर मी एक तास लिहिला असता. मग स्वर एका पायरीने चढला. आणखी एकीने. सिस्टरांनी आकड्याकडे न पाहताच ‘हं’ म्हटले. त्र्याण्णव झाल्यावर बाई पुन्हा आत गेल्या आणि राहिलेले पाणी त्यांनी ओढून घेतले.

नंतर मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. आकडा खाली जातच का राहिला? त्या म्हणाल्या, बोट छातीपासून लांब आहे. छातीत आत्ता जे घडते ते रक्ताबरोबर बोटापर्यंत पोचायला काही वेळ लागतो. आकडा दाखवतो ती मागची बातमी. म्हणून तो नव्वदच्या खाली गेल्यावर जागे होऊन उपयोग नाही. उतरू लागला की तेव्हाच वाट सोडायची.

दुसरे मी विचारले ते आबांविषयी. त्यांचा प्राणवायू पडत होता आणि ते चालू दे म्हणत होते. हा त्यांचा चिवटपणा म्हणायचा का? गिरणी कामगाराचा असू शकतो. बाई म्हणाल्या, ‘चिवट असतील. पण त्यांना ते कळतच नव्हतं, सर.’ माणसाचा जीव घुसमटतो तो मुख्यतः कर्बवायू साचल्यामुळे. प्राणवायू हळूहळू कमी होत असेल तर शरीर तशी हाकाटी करीलच असे नाही. उलट कधी कधी बरेच वाटते. करोनाच्या दिवसांत खाटेवर बसून फोनवर गप्पा मारणारी आणि आकडा सत्तर दाखवणारी माणसे त्यांनी पाहिली होती. ‘ज्याचा श्वास कमी पडतोय त्याला विचारून चालत नाही. आणि जो आत पाहतोय त्यालाही विचारून चालत नाही. मला नेहमी वाटतं, आणखी एकच सेकंद. म्हणून तिसरं माणूस लागतं, आणि ते बाहेर म्हणालं की मी बाहेर येते. हा आमचा करार आहे.’

त्या गढूळ पाण्यात क्षयाचे जंतू सापडले. आठ दिवस न उच्चारलेल्या शब्दाच्या मानाने क्षय हा शब्द आमच्या घरात पेढ्यासारखा वाटला गेला, यावर कोणाला विश्वास बसणार नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चौथा महिना संपत आलेला असेल. खोकला गेला आहे. वजन तीन किलोंनी वाढले आहे.

पण ते सारे नंतरचे. तपासणी संपल्यावर आबांना बाजूच्या खोलीत खाटेवर आणले. घसा बधिर असतो तोवर काही खायचे-प्यायचे नाही, कारण पोटात जायचे ते छातीत जाते. म्हणून दोन तास थांबायचे. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन गोळी खाली आणीत. चार, तीन, दोन. प्रत्येक वेळी उभ्या राहून जरा वेळ ऐकत आणि मग जात. शेवटी त्यांनी चावी बंद केली, नळी काढली, आणि पाच मिनिटे तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. आकडा चौऱ्याण्णव. बुडबुडे थांबले होते.

आबांचे त्यांच्याकडे लक्ष होते. एकाएकी आपल्या त्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारले, ‘पाळी किती तासांची?’

सिस्टरांनी बोटे दाखवली. आठ.

‘रातपाळी असती?’

मान हलली. असते.

‘बदली का कायम?’

सिस्टरांना हा प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘कंत्राटी, आजोबा. अकरा-अकरा महिन्यांची. सहा वर्षं झाली.’ हे आबांना खुणांनी कसे सांगावे ते मला सुचेना. साच्यावरच्या भाषेत कंत्राटीला खूण नाही. सिस्टरांनीच तोंडावरची पट्टी क्षणभर खाली ओढली आणि तो शब्द ओठांनी सावकाश उच्चारला.

‘मंजी बदलीच,’ आबा म्हणाले. मग काही वेळ छताकडे पाहत पडून राहिले आणि म्हणाले, ‘च्या कवा मिळंल?’

सिस्टरांनी आधी चमच्याने पाणी पाजून पाहिले. ठसका लागला नाही. मी चहा आणायला खाली गेलो.